गॅलिक शाळेतली मुलं आणि व्याकरण : शिकवायचं की कानावर सोडायचं?

अनु_ग्लासगो

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढते, लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही ग्लासगोत राहतो. लेक नऊ वर्षांची, प्रायमरी फाइव्हला आहे आणि पहिल्या दिवसापासून गॅलिक माध्यमाच्या शाळेत जाते. (स्कॉटलंडच्या भाषेला इथले लोक गॅलिक म्हणतात आणि आयर्लंडच्या भाषेला आयरिश, म्हणून मी गॅलिकच लिहिणार.) सरकारी शाळा, फी नाही, आणि घरी कुणाला ती भाषा यायला हवी अशी अटही नाही. पहिली दोन-तीन वर्षं सगळं गॅलिकमधूनच, गणितसुद्धा. इंग्रजी वाचायला नंतर शिकवतात. आज ती गॅलिकमध्ये भांडते, गाणी म्हणते, झोपेत बडबडते. मला फार अभिमान आहे तिचा.

आता मुद्दा. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या स्काय बेटावरच्या. मागच्या महिन्यात लेक त्यांना आपला निबंध वाचून दाखवत होती. त्यात 'घराचं दार' असं होतं, तिने वाचलं 'दोरस अन तॉय'. आजी हळूच म्हणाल्या, 'अन तॉय-ए'. लेकीने परत वाचलं, परत 'अन तॉय'. आजींनी परत सांगितलं. माझ्या लक्षात आलं की तिला चूक कळत नाहीये असं नाही, तिला तो फरक ऐकूच येत नाहीये. तॉय म्हणजे घर आणि घराचं म्हणायचं झालं की शब्दाचा शेवट बदलतो, आपल्याकडे 'घर'चं 'घरा' होतं तसाच. आणि हीच मुलगी मराठीत 'शाळात जाते', 'पाणीत पडलं' म्हणते!

पालकसभेत बाईंना विचारलं. अतिशय प्रेमळ बाई आहेत. म्हणाल्या आम्ही या वयात व्याकरण वेगळं शिकवत नाही, मूल चुकलं की आम्ही तेच वाक्य बरोबर करून बोलतो, कानाने येतं. खरंच येतं का कानाने? की सांगायला हवं? आणि सांगायचं तर कितव्या वर्षी? शाळेशी बोलायच्या आधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

मीनल_के

किती छान विषय अनु! आधी एक सांग, गॅलिक, इंग्रजी, मराठी, पोरीचा गोंधळ नाही उडत?

अनु_ग्लासगो

मीनल, उलट होतं गं. गॅलिकमध्ये 'हो' आणि 'नाही' असे शब्दच नाहीत. ज्या क्रियापदात विचारलं त्याच क्रियापदात उत्तर द्यायचं. 'अ वेल उ स्की?' म्हणजे दमलीस का, तर उत्तर 'हा', म्हणजे आहे, नाहीतर 'खान येल', नाहीये. 'खाल्लंस का' विचारलं तर 'खाल्लं' म्हणायचं. इंग्रजी घरातल्या मुलांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, सगळ्याला 'हा' 'हा' करत सुटतात. आमची पहिल्या आठवड्यात बरोबर बोलायला लागली. घरी आजी फोनवर रोज विचारते ना, 'जेवलीस का?' 'जेवले.' 'अभ्यास केलास?' 'केला.'

डब्लिनकर

अनुताई, मी सोळा वर्षं डब्लिनमध्ये आहे, मुलगा इथल्या साध्या इंग्रजी शाळेत शिकला. कळकळीने सांगतो, व्याकरणाच्या मागे लागू नका.

आयर्लंडमध्ये आयरिश सगळ्या शाळांत सक्तीची आहे, मूल तेरा-चौदा वर्षं शिकतं. आणि एवढं शिकून बाहेर पडलेल्या माझ्या ऑफिसातल्या लोकांना विचारा, 'मी बाथरूमला जाऊ का' एवढं एकच वाक्य सगळ्यांना धडाधड येतं, कारण वर्गात ते आयरिशमध्ये विचारल्याशिवाय सोडायचे नाहीत. बाकी काय आठवतं तर षष्ठी विभक्ती आणि संकेतार्थ. संकेतार्थाचं, म्हणजे आपलं 'केलं असतं तर', नुसतं नाव काढलं तरी चाळिशीतली माणसं चेहरा पाडतात. माझा मुलगा तक्ते पाठ करायचा, पेपरात रिकाम्या जागा भरायचा, पण समोर कुणी आयरिश बोलायला लागलं की गप्प. २०१२ पासून शालान्त परीक्षेत तोंडी परीक्षेला ४० टक्के गुण केले तेव्हा कुठे जरा बोलणं वाढलं. तुमची लेक झोपेत गॅलिक बडबडते हे सोनं आहे हो. एका 'ए' साठी ते घालवू नका.

टोरांटोची_मावशी

डब्लिनकर, तुमचं दुःख समजलं, पण अनुच्या लेकीची शाळा तशी नाही. तुमच्याकडे भाषा हा विषय होता, तिच्याकडे भाषा हे माध्यम आहे. फार फरक पडतो.

कॅनडात हा प्रयोग आम्ही साठ वर्षं बघतोय. १९६५ मध्ये क्युबेकमधल्या सेंट लँबर्ट गावात इंग्रजी घरातल्या मुलांना पहिल्या दिवसापासून फ्रेंचमध्ये शिकवायला सुरुवात झाली, तिथून हे देशभर पसरलं. माझ्या दोन्ही मुली त्यातूनच गेल्या. आणि जे आढळलं ते अगदी अनु म्हणतेय तेच. ऐकून समजणं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं, बोलायची भीती नाही, पण लिंग चुकतं, क्रियापदाची रूपं चुकतात आणि वर्षानुवर्षं तशीच चुकत राहतात. मेरिल स्वेन नावाच्या संशोधक बाईंनी १९८५ मध्ये हेच मांडलं की नुसतं ऐकून काम भागत नाही. समजायला सगळं व्याकरण लागत नाही, संदर्भावरून निभतं. बोलायची, लिहायची वेळ आली आणि आपलं अडतंय हे मुलाला स्वतःला जाणवलं की मग ते रूपाकडे बघतं.

बाई चुकलेलं वाक्य बरोबर करून बोलतात ना, त्यातही एक गोम आहे. मुलाला वाटतं बाईंनी आपलं म्हणणं मान्य केलं! माझी धाकटी टेबलाला 'ल टाब्ल' म्हणायची (फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी, म्हणून 'ला' हवं), बाई 'ला टाब्ल' म्हणायच्या, ती खूश होऊन मान डोलवायची आणि पुन्हा 'ल टाब्ल'.

गुरुजी_सातारा

अनुताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. गॅलिक मला येत नाही, पण 'घर'चं 'घरा' होतं ते चौथीच्या पोराला कसं शिकवायचं ते येतं.

सामान्यरूप हा शब्द मी पाचवीपर्यंत कधी उच्चारत नसे. मी विचारायचो, कोण कुठल्या एसटीने आलं? सातारा, पण साताऱ्याला. पुणे, पण पुण्याला. वाई, वाईलाच. फलटण, फलटणला. कोळकी, कोळकीला. फळ्यावर दोन ओळी करायचो, बदलणारी गावं एकीकडे, न बदलणारी दुसरीकडे. अर्ध्या तासात पोरं स्वतःच म्हणायची, गुरुजी शेवटी 'आ' आणि 'ए' असला की बदलतंय. मग एखादं म्हणायचं, मग 'फलटणाला' का नाही म्हणत, आमची आजी म्हणते. ते तर सर्वात चांगलं, कारण मग त्यावर वाद व्हायचा आणि वाद झाला की विसरत नाहीत.

तेव्हा माझं मत, सांगायला हवं. पण मुलाच्या तोंडात जे शब्द आधीपासून आहेत त्यातूनच नियम त्याच्या हाताला लागू द्यायचा. डब्लिनकरांच्या मुलाला नियम आधी मिळाला, भाषा मिळालीच नाही. ज्या भांड्यात काही नाही ते घासून काय उपयोग?

रानवारा

गुरुजी _/\_ मला तुमच्या वर्गात बसायचंय.

पक्का_पुणेकर

मनापासून विचारतो, राग मानू नका. बोलणारे लोक किती उरलेत या भाषेचे? मुलीने इतका जीव लावावा आणि पुढे बोलायला कुणी नसावं असं व्हायला नको.

सागरतीर

पुणेकर, याचं उत्तर मी देतो. मी लुइस बेटावर, स्टॉर्नोवेला डॉक्टर आहे, अकरा वर्षं झाली.

२०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये ६९,७०१ लोकांनी गॅलिक बोलता येतं असं सांगितलं, आणि थोडीफार तरी येते असे १,३०,१६१. दहा वर्षांपूर्वी बोलणारे ५७ हजारांच्या आसपास होते. म्हणजे आकडा वाढलाय, आणि त्यात शाळांचा वाटा मोठा आहे. १९८५ मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेसला गॅलिक माध्यमाचे पहिले वर्ग निघाले तेव्हा दोन्हीकडची मिळून २४ मुलं होती. आता पाच हजारांच्या वर आहेत.

पण इथे बेटांवरचं चित्र उलटं आहे. जिथे घराघरात, दुकानात, चर्चमध्ये ती आपोआप बोलली जायची तिथेच ती आटत चाललीये. २०२० मध्ये हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इशारा दिला की असंच चाललं तर बेटांवरची रोजच्या व्यवहारातली गॅलिक दहा वर्षांत संपेल. त्याच वर्षी इथल्या कौन्सिलने ठरवलं की पहिलीत येणारं मूल गॅलिक माध्यमातच जाईल, इंग्रजी माध्यम हवं असेल तर पालकांनी तसं सांगायचं.

आता अनुताईंच्या प्रश्नाकडे येतो. माझ्याकडे येणाऱ्या ऐंशी-नव्वदीच्या आज्या-आजोबांचं गॅलिक ऐकत राहावं असं आहे, एक रूप चुकत नाही. पण मी एकदा एका आजोबांना गॅलिकमधलं माहितीपत्रक दिलं तर त्यांनी परत केलं आणि म्हणाले, 'डॉक्टर, इंग्रजीतलं द्या, मला ही वाचता येत नाही.' आयुष्यभर बोललेली भाषा! १८७२ च्या शिक्षण कायद्यात गॅलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता, पुढे कित्येक पिढ्या शाळेत इंग्रजीच शिकल्या, गॅलिक बोललं म्हणून मार खाल्ल्याच्या आठवणी इथे घरोघर आहेत. त्यांचीच पणतवंडं आता सुंदर लिहितात, वाचतात, पण षष्ठी चुकते. ज्यांना येतं त्यांना नियम सांगता येत नाही, ज्यांना लिहिता येतं त्यांच्या कानावर पुरेसं पडत नाही. खालच्या मजल्यावरच्या त्या आजींना सोडू नका, एवढंच सांगतो.

मीनल_के

सागरतीर, माहितीपत्रक परत करणारे आजोबा वाचून गलबलून आलं.

शब्दखूळ

उशिरा आलो. भाषाशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय आहे आणि जुनं गॅलिक थोडं शिकलोय, म्हणून नेमकं काय अवघड आहे ते सांगतो. मग 'शिकवायचं का' हा वाद जरा जमिनीवर येईल.

या भाषेत शब्द शेवटी बदलतो तसा सुरुवातीलाही बदलतो. कू म्हणजे कुत्रा, पण माझा कुत्रा 'मो खू'. माहिर म्हणजे आई, माझी आई 'मो व्हाहिर'. विशेषणही बदलतं. मोर म्हणजे मोठा. मोठं घर 'तॉय मोर', पण मोठी शाळा 'स्कोल व्होर', कारण शाळा स्त्रीलिंगी. लिहिताना पहिल्या अक्षरापुढे फक्त 'एच' घालतात. का होतं हे? फार पूर्वी 'मो'सारख्या शब्दांच्या शेवटी स्वर होता, स्त्रीलिंगी नामांच्या शेवटीही असायचा. दोन स्वरांत सापडलेलं व्यंजन बोलता बोलता मऊ झालं, पुढे बऱ्याच ठिकाणी तो स्वर झिजून गेला, मऊपणा मात्र राहिला. म्हणजे कारण गेलं आणि खूण राहिली, आणि आज ती खूणच व्याकरण आहे.

सागरतीर म्हणतात ती बोलणारी माणसं भोवती असतील तर चार वर्षांचं मूल हे न शिकवता शिकतं. ग्लासगोच्या वर्गात पंचवीस मुलं असतात आणि नीट गॅलिक ऐकवणाऱ्या एकट्या बाई, बाकी चोवीस जण एकमेकांच्या चुका ऐकतात. माझं मत म्हणून स्पष्ट आहे, अशा ठिकाणी सांगावंच लागतं.

एक दुसरी बाजूही सांगतो. काही रूपं जन्मापासून बोलणारेही सोडत चाललेत, विशेषतः काही शब्दयोगी अव्ययांनंतरची. मुलाची चूक कुठे संपते आणि भाषेतला बदल कुठे सुरू होतो हे ठरवताना शिक्षकाने जपून राहावं. जे म्हाताऱ्यांच्याही तोंडून गेलंय त्यासाठी मुलांचे गुण कापू नयेत.

गुरुजी_सातारा

शब्दखूळराव, तुमचा तो 'एच' वाचून मी उठून बसलो. क चा ख, प चा फ, ब चा भ, ग चा घ. हे तर आपले अल्पप्राण-महाप्राण! आपण इंग्रजी लिपीत ख लिहिताना 'के'पुढे 'एच'च घालतो की.

शब्दखूळ

गुरुजी, लिखाणात हुबेहूब तसंच दिसतं, पण उच्चार वेगळा. आपला ख म्हणजे क आणि वर श्वासाचा जोर. त्यांचा ख घशात घासून येतो, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा. आणि ब चा भ न होता 'व' होतो, म चाही साधारण 'व'च, त चा नुसता 'ह', स चाही 'ह'. गंमत म्हणजे त्यांच्या वर्णमालेत 'व्ही' हे अक्षरच नाही, एकूण अक्षरं अठरा, 'व' असा 'एच' जोडूनच काढायचा. पण लक्षात ठेवायला तुमचा तक्ता उत्तम आहे. मराठी मुलाला त्याचा खरोखर फायदा होईल.

रानवारा

स चा ह? म्हणजे आमच्या गावाकडच्या 'सा'चा 'हा' करणाऱ्या लोकांसारखं? :)

शब्दखूळ

ध्वनीच्या अंगाने बघितलं तर हो, स ढिला पडला की ह होतो, हे जगभर दिसतं. गॅलिकमध्ये त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. शेमस हे पुरुषाचं नाव. त्याला हाक मारताना संबोधन होतं 'अ हेमिश'. इंग्रजांनी ती हाक ऐकली आणि त्यांना वाटलं हेच नाव. हेमिश नावाचे जेवढे लोक आहेत ते सगळे संबोधन विभक्तीत आहेत. मारी नावाचंही तेच, हाक मारताना 'अ व्हारी', आणि व्हारी हे आता वेगळंच नाव झालंय.

अनु_ग्लासगो

अरे देवा, लेकीच्या वर्गात एक हेमिश आहे आणि दोन व्हारी! हे मी तिला आजच सांगणार.

टोरांटोची_मावशी

बघ, हे असं सांगितलं की व्याकरण मुलं घरी येऊन आपल्याला शिकवतात.

मुंबईची_आई

थोडं विषयांतर करते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, माझा मुलगा इंग्रजी माध्यमात, त्यालाही आलं. आनंद झाला होता मला. पण वही बघते तर 'काळ ओळखा, लिंग बदला, वचन बदला, समानार्थी लिहा'. घोडा-घोडी, राजा-राणी. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला हे कशाला, आणि घरात गुजराती-तमिळ बोलणाऱ्या त्याच्या मित्राला याने मराठी कशी येणार? तो मित्र मराठीत ३५ पैकी ३३ काढतो आणि आमच्या घरी आला की माझ्याशी हिंदीत बोलतो. डब्लिनकरांचं पोस्ट वाचताना मला आमचीच शाळा दिसत होती. म्हणून मी त्यांच्याच बाजूने.

डब्लिनकर

धन्यवाद मुंबईच्या ताई. पण खरं सांगू का, गुरुजींचं एसटीचं वाचल्यापासून मी विचारात पडलोय. काल मुलाला विचारलं (तो आता तेवीसचा आहे), बाबा रे, तुला काय आवडलं असतं? तो म्हणाला, 'मला नियम का आहे हे कुणी एकदाही सांगितलं नाही. फक्त चुकला म्हणून सांगितलं.' शब्दखूळ यांचं 'कारण गेलं आणि खूण राहिली' त्याला वाचून दाखवलं. म्हणाला हे बारावीत सांगितलं असतं तर मी आयरिश सोडलं नसतं. मला वाईट वाटलं, कारण मी स्वतः मराठी व्याकरण शिकलेलो असून त्याला कधी जवळ घेऊन काही सांगितलं नाही. इंग्रजीतला माणूस जे समजू शकणार नाही ते आपण सहज समजू शकतो.

रानवारा

म्हणजे काय काय? उदाहरणं द्या ना कुणीतरी.

शब्दखूळ

रानवारा, पुष्कळ आहेत. इंग्रजीत माणूस भुकेला 'असतो', आपल्याला भूक लागते, गॅलिकमध्ये भूक माझ्यावर असते. 'माझ्याकडे कुत्रा आहे' हे गॅलिकमध्ये 'हा कू आकम', शब्दशः 'आहे कुत्रा माझ्यापाशी'. 'माझ्याकडे असणे' साठी वेगळं क्रियापदच नाही, आपल्यासारखंच. आणि आकम हा एकच शब्द आहे, 'पाशी' आणि 'मी' मिळून. आकम माझ्यापाशी, आकत तुझ्यापाशी. इंग्रजी मुलांना हे तक्ते वाटतात, मराठी मुलाला माझ्याकडे-तुझ्याकडे-त्याच्याकडे.

आणि माझं सगळ्यात आवडतं. माणसं मोजायचे आकडे वेगळे आहेत! वस्तूंसाठी एक दोन तीन, माणसांसाठी दोघं, तिघं, चौघं. जीइश, त्रूर, केरर. इंग्रजीत असलं काही नाही.

लिंगाचंही. बाईसाठी 'बोरनख' हा रोजचा शब्द व्याकरणात पुल्लिंगी आहे, तरी तिच्याबद्दल बोलताना सर्वनाम मात्र 'ती'चंच. इंग्रजी मुलं यावर हसतात, आपण 'एकटं बाईमाणूस' म्हणतो आणि 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' म्हणायचे जुने लोक.

गुरुजी_सातारा

आणि विसांनी मोजतात का हो ते? आमच्याकडे म्हातारी माणसं 'चार विसा' म्हणायची.

सागरतीर

हो गुरुजी! माझे म्हातारे पेशंट वय सांगताना 'चार विसा आणि तीन' असंच सांगतात, म्हणजे ८३. शाळेत मात्र दहाच्या पटीतले आकडे शिकवतात, गणिताला सोपं जातं म्हणून. आजोबा 'चार विसा' म्हणतात, नातू 'ऐंशी' म्हणतो, आणि दोघंही गॅलिकच बोलत असतात.

मीनल_के

अनु कुठे गेली? शाळेत बोललीस का गं पुढे?

अनु_ग्लासगो

आले आले. सुट्टी होती, आम्ही ट्रेनने इन्व्हर्नेसला जाऊन आलो. आणि गुरुजी, काय झालं ते ऐका.

इथे स्टेशनांवर पाट्या दोन भाषांत असतात. तुमचं एसटीचं डोक्यात होतं, म्हणून निघताना क्वीन स्ट्रीट स्टेशनवरच तिला म्हटलं, ही गॅलिक पाटी वाच आणि अर्थ सांग. 'राणीचा रस्ता' म्हणाली. म्हटलं, राणीला तुम्ही काय म्हणता? तिने शब्द सांगितला आणि पाटीकडे बघून थांबली. 'आई, इथे शेवट वेगळा आहे.' मी काहीच बोलले नाही, मला येतच नव्हतं. मग गाडीत वही काढली. किंगुसी स्टेशन आलं, तिथली पाटी 'क्यौन अ युसिख'. तिला ग्यूसख माहीत होता, पाइनचं रान. 'रानाचं टोक! पण ग चा य झालाय आणि शेवटपण बदललाय, दोन्हीकडून बदललाय आई!' इतकी ओरडली की पलीकडच्या बाई वळून बघायला लागल्या. मग टोबरमोरीची आठवण झाली तिला, लहानपणी टीव्हीवर बघितलेलं रंगीत घरांचं बंदर, गॅलिकमध्ये 'तोपर व्होरे', मेरीची विहीर, 'म्होरे नाही, मोरेचं व्होरे!' बॅलाहुलिश म्हणजे खाडीच्या चिंचोळ्या भागाचं गाव, हे मी फोनवर शोधलं, तिने रूप ओळखलं. इन्व्हर्नेस येईपर्यंत वहीत अकरा नावं झाली, गुरुजींसारख्या दोन ओळी करून.

आल्यावर ती वही तिने बाईंना दाखवली. बाईंचा निरोप आला, आम्ही ही वही वर्गात वापरू का. मी भेटायला गेले तेव्हा त्या मोकळेपणाने बोलल्या, की त्या स्वतः मोठेपणी गॅलिक शिकल्यात, षष्ठी त्यांनाही जपून वापरावी लागते, आणि व्याकरण शिकवायला सोपं, मुलांच्या वयाचं साहित्य हाताशी कमी पडतं. माझ्या मनात जो थोडा राग होता तो तिथेच गेला. त्या आता दर शुक्रवारी एक गावाचं नाव फळ्यावर लिहिणार आहेत.

टोरांटोची_मावशी

हे वाचून डोळे भरले गं.

डब्लिनकर

अनुताई, आयर्लंडमध्येही गावांची नावं अशीच आहेत, रस्त्यावरच्या बहुतेक पाट्यांवर दोन्ही भाषा. सोळा वर्षं त्या पाट्यांखालून गाडी चालवतोय. रविवारी मुलाला घेऊन बाहेर पडतो.

गुरुजी_सातारा

अनुताई, वहीच्या त्या पानाचा फोटो टाका. लेकीचं अक्षर बघायचंय मला. आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना दाखवली की नाही?

अनु_ग्लासगो

गुरुजी, फोटो उद्या टाकते. आजींना आल्या दिवशीच दाखवली. चष्मा लावला, पान बराच वेळ हातात धरून बसल्या. सागरतीर म्हणाले तसंच, त्यांना गॅलिक नीट वाचता येत नाही. मग लेक एकेक नाव वाचत गेली आणि आजी तिच्यामागून म्हणत गेल्या. सातव्या नावाला लेक चुकली, आजी थांबल्या, आणि यावेळी आजींनी सांगायच्या आत तिने स्वतःच परत म्हटलं. आता त्या तिला लिहायला शिकव म्हणतायत. मंगळवारी संध्याकाळी बसणार आहेत दोघी.